गुणी मुलीचा सत्कार

नुरजमालचं मागणं एवढंसं होतं. तिची नऊ वर्षांची अकमूर तिसरीच्या वर्गात नुसती बसून असायची, कारण तिसरीचं गणित तिनं पहिलीतच संपवलं होतं. आठवड्यातले तीन तास तिला आठवीच्या गणिताला बसू द्या, बस्स. खर्च नाही, नवं बाक नाही. आठवीत चार बाकं रिकामीच होती.

मुख्याध्यापक सादीकोव यांना हुशार मुलं फार आवडत, विशेषतः भिंतीवर. नुरजमाल पहिल्यांदा भेटली तेव्हा त्यांनी अकमूरचा फोटो मानाच्या फलकावर लावला. दुसऱ्यांदा सोनेरी काठाचं प्रशस्तिपत्र दिलं. तिसऱ्यांदा ती दारात दिसताच ते खरोखर दुखावले.

"ताई, फोटो लावला ना मी?"

"फोटोला गणित येत नाही, सर. पोरीला येतं."

"अहो, वयाचा काही मान असतो की नाही? पंगतीत मेंढीची हाडं आपण वयानं वाटतो. मोठ्याला मोठं, लहानाला लहान. मग हिला मोठ्यांत कशी बसवू?"

"हाडं वाटा की वयानं. बेरजेला कसलं वय?"

सादीकोवांचा चेहरा एकदम उजळला. जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी येणारच होते. पोरीचा सत्कारच करून टाकू! तोंडाला पानं पुसायची तर निदान मेजवानी घालून.

घरी अकमूरनं विचारलं, "आई, मी मुद्दाम चुकीची उत्तरं लिहिली तर बाई मला इतरांसारखंच वागवतील ना?" पोर विझायला लागली होती, आणि विझवणारे टाळ्या वाजवत होते.

सत्काराला अकमूरच्या अंगावर मोठ्या मापाचा मखमली अंगरखा चढवला होता, तो तिच्या पायाखाली लोळत होता. अधिकारी तुराबेकोव चाळीस मिनिटं देशाच्या उद्याच्या हिऱ्यांवर बोलले. हिऱ्याला भूक लागली होती. मग रीतीप्रमाणे मेंढीचं मुंडकं मुख्य पाहुण्यापुढे आलं. साहेबांनी त्याचा कान कापून अकमूरच्या ताटलीत ठेवला.

"घे बाळ. मोठ्यांचं ऐकत जा."

लहानांना कान देतात तो याचसाठी. सगळ्यांनी माना डोलावल्या. नुरजमाल उठली. तिनं तो कान उचलला आणि दोन्ही हातांनी, अगदी अदबीनं, साहेबांपुढे परत ठेवला.

"साहेब, ही तीन वर्षं ऐकतेच आहे. मी मात्र सादीकोव सरांकडे तीनदा गेले, त्यांना एकदाही ऐकू आलं नाही. कान त्यांना द्या."

सादीकोव बिटासारखे लाल झाले. तेवढ्यात पंगतीतल्या मानाच्या जागेवरून कुणीतरी खुदकन हसलं. ते गावातले सगळ्यात वडील, शहाऐंशी वर्षांचे जुमाल्दिन आजोबा होते. शेवटचा चहा अजून यायचा होता, तरी आजोबांनी जेवणानंतरच्या आशीर्वादासाठी तळवे उघडले. वडीलधाऱ्यानं तळवे उघडले की बाकीच्यांचे मांडीवर राहत नाहीत. सगळे हात वर झाले.

"मेंढ्या वाढोत," आजोबा म्हणाले. "घरं भरलेली राहोत. तुराबेकोव साहेबांना या वर्षी बढती मिळो." साहेबांनी डोळे मिटले. "आणि ही पोर सोमवारपासून आठवीच्या गणिताला बसो. ओमीन!"

"ओमीन!" सगळे एका सुरात म्हणाले आणि तोंडावरून हात फिरवले. सवयीनं सादीकोवांचाच आवाज सगळ्यांत मोठा लागला. हात हनुवटीपर्यंत आले तेव्हा आपण कशाला होकार दिला ते त्यांना कळलं.

ते साहेबांच्या कानाशी लागले. "साहेब, पण याला वरून लेखी परवानगी लागते..."

तुराबेकोवांनी आधी आजोबांकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळव्यांकडे.

"गप्प बसा हो, सादीकोव," ते दातओठ खात पुटपुटले. "माझी बढतीसुद्धा त्याच आशीर्वादात आहे. सोमवारी ती पोर आठवीत दिसली नाही ना, तर बघा मग!"