पाहुणीची ओटी

"मनुष्यप्राणी मुळात जागेवर थांबणारा न्हवंच. डोंगर येऊ दे, नदी येऊ दे, तो चालतच ऱ्हाणार," खड्ड्याच्या कडेला खुर्ची टाकून बसलेले रिटायर हवालदार लालासाहेब म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या हातभर लांब असल्यामुळे त्यांनी बायकोला हाक मारली.

रंगूबाई खड्ड्यातून वर आली, तांब्या त्यांच्या हातात दिला आणि परत उतरली. पलूसजवळच्या त्यांच्याच रानात शेततळं खणताना तीन हजार वर्षांपूर्वीचे दोन सांगाडे निघाले होते. त्यातल्या बाईवरची माती ब्रशनं झाडायचं काम दोन महिने रंगूबाईकडं होतं. नातवाचं तोंडही तिनं कधी इतक्या हलक्या हातानं पुसलं नव्हतं.

आज ती बाई पेटीतून पुण्याच्या प्रयोगशाळेत निघाली होती. खोदकामाची प्रमुख डॉक्टर ब्राह्मी त्या बाईच्या दाताच्या तपासणीचा कागद वाचत होती.

"काकू, ही इथली नाहीच. लहानपणी प्यालेलं पाणी दातात राहतं. हिचं पाणी दक्षिणेचं, ग्रॅनाइटच्या मुलखातलं. शेजारचा पुरुष मात्र इथलाच. माणसं कुठनं कुठं गेली, ते असं कळतं."

"म्हंजे लगीन हून आली. त्याला दात कशाला उपटायचा? मला इचारायचं."

"तसं म्हणता येत नाही काकू. पुरावा लागतो."

"मी हाय की. पंचेचाळीस वर्सं झाली, अजून मला सातारची म्हणत्यात."

ती घरात गेली आणि सुपात तांदूळ, खण, नारळ, कुंकू घेऊन आली. "बाई निघालीय. रिकाम्या ओटीनं कशी धाडू?"

"काकू, पेटीत दाणा गेला तर तीन हजार वर्षांपूर्वी इथं कोलम पिकत होता असं छापून येईल."

रंगूबाईनं सूप कडेला ठेवलं. भाऊ गेल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, माहेरी तिची ओटी कुणी भरली नव्हती. हे तिनं फक्त ब्रश मारताना, त्या कवटीला सांगितलं होतं.

ब्राह्मीनं पेटी मोहोरबंद करून जीपमध्ये ठेवली, ती पेटीशेजारी बसली आणि तिनं जीन्सवरच्या शर्टाचा घोळ पुढं धरला. "तिची ओटी माझ्याकडं द्या. मी पोचवते."

रंगूबाईनं ब्राह्मीला कुंकू लावून ओटी भरली. लालासाहेब खुर्चीतून उठले आणि सावधानमध्ये उभे राहिले. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

"आवं, तांब्या खुर्चीखाली ठिवलाय," रंगूबाई नवऱ्याला म्हणाली. मग जीपच्या दाराला हात लावून तिनं विचारलं, "म्याडम, गाडी साताऱ्यावरनंच जाती न्हवं? वाईच सरका. मला ष्ट्यांडवर सोडा."