काढ्याची दुसरी कुंडी

सरांच्या घराच्या पायऱ्यांपासून गल्लीच्या टोकापर्यंत रांग. प्रत्येक कडेवर खोकणारं पोर, प्रत्येक हातात रिकामी बाटली. सात पाल्यांचा काढा पोटात गेला की दुसऱ्या दिवशी पोर ठणठणीत! अट एकच: आजाराच्या पाचव्या दिवशीच यायचं.

"ताप आधी पिकू द्यावा," सर सांगत. "कच्चं फळ कुणी तोडतं का?"

रांग माना डोलवी. मीही डोलवली. हे आमचे शाळेतले विज्ञानाचे सर. ज्यांनी शंका घ्यायला शिकवलं, त्यांच्यावरच शंका कोण घेणार?

म्हणून धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, चिमीचा चौथा दिवस. श्वास घेताना फासळ्या आत ओढल्या जातायत," तेव्हा मी शहाणा म्हणालो, "उद्या सरांकडे नेऊ. एक दिवस कळ काढ."

सुदैवाने बहिणीने जन्मात माझं ऐकलेलं नाही. तिने थेट हॉस्पिटल गाठलं, मीही मागोमाग पोचलो. माझ्या दोन वर्षांच्या भाचीच्या, चिमीच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली.

"उद्यापर्यंत थांबा, असं हिला कोण म्हणालं होतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

बहिणीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी. पाचव्या दिवशी काढ्याने गुण येतो म्हणून..."

"अहो, विषाणूचा आजार हा. बहुतेक मुलं पाच-सहा दिवसांत आपली आपणच सावरायला लागतात. पाचव्या दिवशी काढा पाजा नाहीतर नळाचं पाणी, श्रेय बाटलीलाच! आणि त्याआधी बिघडलेली मुलं इथे येतात. ती तुमच्या रांगेत दिसणार कशी?"

चिमीची नळी निघाली, त्या दिवशी मी सरांकडे गेलो.

"सर, सातवीत घेवड्याच्या दोन कुंड्या करायला लावल्या होत्यात. एकीत खत, दुसरी बिनखताची. मी दुसरी विसरलो, तर वहीवर भोपळा दिलात."

"आठवतं की!" सर हसले.

"मग काढ्याची दुसरी कुंडी कुठाय? काढा न घेतलेली मुलं कधी मोजलीत?"

हसू मावळलं. सरांनी रांगेकडे पाहिलं. "लोकांचा विश्वास आहे रे."

"माझाही होता, सर."

त्यांनी मान खाली घातली आणि पुढची बाटली भरली.

तेव्हा मंडळी, पोराच्या फासळ्या आत ओढल्या जात असतील तर दिवस मोजू नका, हॉस्पिटल गाठा. आणि चमत्कार कुणीही दाखवो, अगदी तुमचे लाडके सर असले तरी, दुसरी कुंडी मागा.