काल्याच्या कढईतली मेथी

काल्याचं कीर्तन ऐकताना माझे डोळे आजवर कधी कोरडे राहिले नाहीत. देवानं सगळ्या गड्यांना शिदोऱ्या सोडायला लावल्या, कुणाची पोळी, कुणाची शिळी भाकर, सगळं एकात कालवलं आणि आपल्या हातानं वाटलं, हे महाराज सांगायला लागले की माझ्या टाळाचा ठेका चुकतो. यंदाही चुकला. फक्त यंदा मान वर करवत नव्हती.

आमच्या गावात सप्त्याच्या शेवटल्या दिवशी भाजीवाल्या प्रत्येक घरातून काही ना काही येतं. वांगी, टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर, जे असेल ते. सगळं एकाच कढईत पडतं. एरवी देवमन आचाऱ्याला चार घरी सांगावं लागे. यंदा मात्र देवळामागं ढीग लागला.

"सहदेवभाऊ, दुसरी कढई लावू काय? एकीत माऊनच नाही राहिली भाजी!" देवमन मला म्हणाला.

हिवरखेडाहून आलेल्या महाराजांनी तो ढीग पाहिला आणि भर कीर्तनात म्हणाले, "ज्या गावचा शेतकरी इतक्या सढळ हातानं देतो, त्या गावात देवाला बोलवावं लागत नाही, तो आधीच येऊन बसलेला असतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. भाजी एवढी का आली, ते मला ठाऊक होतं.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या सालापासून गावानं भाजीपाला धरला. चंद्रभानचा मेटाडोर पहाटे सगळ्यांचा माल घेऊन अमरावतीला जायचा. तीस कॅरेट भरले तरच त्याला परवडे. त्यातले पंधरा माझे, कारण विहीर माझी, ठिबक माझं. बाकीचे दहा-बारा घरांचे. आणि केबिनच्या मागचा कोपरा बिस्मिल्लाबीचा. वीस गुंठे जमीन, एक टोपलं मेथी. तिचं भाडं कुणी घेत नसे, ते आमच्या कॅरेटांत निघून जाई. आधी तिचं टोपलं चढे, मग आमचा माल. हे कुणी ठरवलं नव्हतं, चालत आलं होतं.

मग मोबाइलवर भाजी विकणारी ती कंपनी आली. गोदाम नांदगाव पेठेला. गीतांजली नावाची मुलगी फॉर्म घेऊन माझ्या वावरात आली. "काका, गावाचा गट म्हणून नाव लावायचं की एकट्याचं? गट केला तर सगळ्यांचा माल एकत्र जाईल, भाव सरासरी मिळेल. एकट्याचा एकसारखा माल असेल तर भाव जास्त."

मी एकट्याचं लावलं.

ती गाडीकडे निघाली तोच आमच्या दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावरून बिस्मिल्लाबी आली. "सहदेव, माही मेथी बी लिवून घे ना त्याच्यात."

"चाची, फारम बंद झाला."

गीतांजलीची गाडी अजून पांदणीच्या वाटेवरच होती. पेन माझ्या हातात होता.

कंपनीची गाडी रोज माझ्या वावरात येऊ लागली. वर्षात घरावर स्लॅब टाकून झाला. सप्त्याला साउंड मी दिला, महाराजांना शाल मी दिली. चंद्रभानची गाडी मात्र महिनाभरात बंद पडली. पंधरा कॅरेटांसाठी कोण डिझेल जाळणार? बाकीच्यांचा माल फाट्यावर मिळेल त्या भावात जाऊ लागला. जो गेला नाही, तो यंदा देवळामागं ढीग होऊन पडला होता.

कीर्तन संपलं, पंगत बसली. मी वाढायला बादली घेतली आणि चुलाणाकडे गेलो. तिथं स्वयंपाकाला आलेल्या पार्बताबाईजवळ बसून बिस्मिल्लाबी पुढच्या पंगतीसाठी मेथी निवडत होती. समोर हिरवा डोंगर.

"चाची, एवढी मेथी?"

"मंग काय करू? गाडी नाही. डोक्यावर नेते तर मान मोडते. वाफे फुलावर येऊन राहिले होते, उपटून आनले सारे. बाजारात नाही जात तर गावाच्या पोटात तरी जाऊ दे."

पार्बताबाई हसली. "सहदेवभाऊची भाजी मोबाइलात जाते वो चाची, आपली कढईत!"

मी बादली खाली ठेवली. "चाची, तो फारम बंद नव्हता झाला."

तिचा हात थांबला नाही. "मालूम हाये मले. माह्या पोरानं, तौहीदनं, त्याच दिशी फोनात पायलं. महिनाभर चालू होता."

"मंग बोलली काहून नाही?"

"खोटं तू बोलला. मी काहून बोलू?"

"आन तरी सप्त्याले मेथी आनली?"

आता तिनं वर पाहिलं. "सप्ता का तुह्या एकट्याचा हाये? जा, लोक बसून राहिले, वाढ."

वाढलं. शेवटच्या पंगतीत जेवायला बसलो. मेथी चांगली झाली होती, दुसऱ्या कढईत तेलावर परतलेली. पहिला घास बराच वेळ तोंडात घोळला.

हात धुता धुता चंद्रभानला गाठलं. "उद्या गाडी आन. माहे पंधरा कॅरेट धर."

"आन कंपनी? लागून दोन दिवस माल नाही गेला तर नाव कापते म्हन्तात, भाऊ."

"कापू दे," मी म्हणालो. म्हणालो खरं, पण आत स्लॅबवर चढवायच्या दुसऱ्या मजल्याचा विचार तेव्हाही चालूच होता. देव पाहत असतो म्हणतात. पाहिलंच असेल.

पहाटे मेटाडोरचा हॉर्न वाजला आणि दहा घरांची दारं उघडली. कॅरेट चढू लागले. मी बिस्मिल्लाबीच्या वावराकडे गेलो. ती धुऱ्यावर उभी होती. मागं वाफे उघडे, नुसती काळी माती.

"चाची, टोपलं?"

"मेथी तर तुमी खाल्ली काल," ती म्हणाली. "आज पेरून राहिले. महिना लागते, बेटा."

मी परत आलो. माझे दोन कॅरेट खालीच राहिले होते. चंद्रभाननं केबिनच्या मागच्या, चाचीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "भाऊ, इथं बसतात ना दोन."

"नको. ते मी मांडीवर घेतो."

तो मला वेड्यात काढून हसला आणि गाडी सुरू केली. कोपरा तसाच रिकामा घेऊन आम्ही निघालो. फाटा ओलांडला तेव्हा खिशात कंपनीचा फोन वाजायला लागला. मांडीवर टमाट्याचे कॅरेट होते, हात गुंतलेले होते. अमरावती येईस्तोवर तो दोनदा वाजला. मी उचलला नाही. बंद करायलाही मला जमलं नाही.