दोन रेघांचा तुकडा

पुरुषमंडळी दशरथ मेस्त्रींना घेऊन गेली, मागे बायकांनी चारकोपची दीड खोली धुऊन काढली, पण स्टोव्हवरचं जर्मनचं पातेलं मात्र कुणी हलवलं नाही. त्यात काय आहे हे फक्त त्यांच्या मुलीला, अनुपमाला, ठाऊक होतं. प्लायवूडचे तीन तुकडे होते.

संपानंतर गिरणी सुटली तसे मेस्त्री पुन्हा सुतारकामाकडे वळले. मालवणात लहानपणीच होड्यांवर हात बसलेला, त्यामुळे गोराईचे मच्छीमार त्यांना शोधत यायचे. यंदा शिवदासच्या बोटीचा डेक आणि बर्फाच्या खणांची झाकणं करायची होती, नारळी पौर्णिमेच्या आत. गेल्या साली जुनं झाकण फुगून पिचलं होतं आणि शिवदासची बायको चंपा मांडीपर्यंत आत गेली होती. ती अजून पाय ओढत चालायची. म्हणून लाकूड निवडायलाच मेस्त्रींनी महिना घेतला.

त्यांची परीक्षा साधी होती. वीतभर तुकडे कापायचे, पटाशीने रेघा कोरायच्या आणि तीन दिवस उकळायचे. ज्याचे पदर सुटतील ते बाद. एक रेघ म्हणजे साधं मरीन प्लाय. दोन रेघा म्हणजे बसमध्ये पायाखाली असतं तसं, पाय सरकू नये म्हणून चौकडीची नक्षी उठवलेलं. तीन रेघांचं खोक्यांचं हलकं लाकूड. ते हरणारच होतं.

"तो साक्षीदार," मेस्त्री म्हणायचे. "तो सुटला म्हणजे पाणी खरं उकळलं."

साक्षीदाराचे पदर पहिल्याच दिवशी सुटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छातीत कळ आली आणि मेस्त्री स्टुलावरून खाली बसले, ते उठलेच नाहीत. तिसरा दिवस राहिला.

अनुपमा बोरिवलीच्या एका वाचनालयात नोकरीला होती. मरणावर लिहिलेलं तिने पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं आता काही आठवेना. एक दिवस राहिलाय, एवढंच समोर होतं. दुसऱ्या सकाळी तिने स्टोव्हला पंप मारला.

आवाज ऐकून शेजारच्या वनमालाकाकू धावत आल्या. "अगो बाय माझे, सुतकात चूल पेटवची नसता! आमी जेवण आणतव ना?"

"जेवण नाही, काकू."

काकूंनी झाकण उचललं. वाफेत डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं. "लाकडां?"

"बाबांची."

"मीठ तरी घातलंस मा?"

अनुपमाला हसू फुटलं. काकूही हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून खाली बसल्या. मग दिवसभर पातेल्यात पाणी घालायचं काम त्यांनीच केलं.

संध्याकाळी तिने तुकडे बाहेर काढले. एका रेघेचा जसाच्या तसा होता. दोन रेघांच्या कोपऱ्यात नख सहज आत गेलं. नक्षीचा वरचा पदर ओल्या पुठ्ठ्यासारखा हातात आला.

आठवड्यापूर्वी धक्क्यावर चारचौघांत बाबा बोलून आले होते, दोन रेघांचंच बसवू म्हणून.

बाबा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी शिवदास भेटायला आला. उभ्यानेच बोलला, "मेस्त्रीमामांनी सगळ्यांसमोर सांगितलंय, दोन रेघा. आता तोच शेवटचा शब्द. सहदेव सुतार बसवून देईल. दुकानातून उचलू ना?"

सुटलेला तुकडा तिच्यामागे वर्तमानपत्राखाली होता. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. बाबांचा शब्द राहिला असता. पण शिवदासबरोबर चंपाही आली होती. उंबऱ्याशी थांबून तिने आधी उजवा पाय आत ठेवला आणि डावा पाय हाताने उचलून घेतला.

"थोडं थांबा," अनुपमा म्हणाली. "तेरावं होऊ दे. मी येते."

मधल्या दिवसांत तिने एका रेघेचा तुकडा वाळवला. बाबांच्या डब्यातला रंग त्याला लावला आणि पाय सरकू नये म्हणून ओल्या रंगावर चहाच्या गाळणीने नदीची बारीक वाळू पेरली. समुद्राची वाळू घ्यायची नाही, तिच्यातलं मीठ रंग उचलतं, हे तिला शाळेत असल्यापासून माहीत होतं. ती गाळणी घरात दोनदा हरवून दोनदा बाबांच्या पेटीत सापडली होती.

चौदाव्या दिवशी तरीतून खाडी ओलांडून ती गोराईला उतरली. दोन्ही तुकडे तिने शिवदासच्या हातात दिले.

"दोन रेघांचं चालणार नाही. बाबा चुकले," ती म्हणाली. वाक्य वाटेत दहा वेळा म्हणून पाहिलं होतं.

शिवदासने सुटलेला पदर उलटसुलट पाहिला. "च्यायला. बाप सांगतो दोन, पोरगी सांगते एक. कुणाचं ऐकू?"

"पातेल्याचं," चंपा म्हणाली. "मामांना खात्री असती तर उकळायला कशाला घातलं असतं? तू बडबडलास गावभर. ते म्हणाले होते, दोन बसवू, पण उकळून निघू दे. मी होते तिथं."

"हे शेवटचं मी कुठं ऐकलं?"

"तू कधी कुणाचं शेवटचं ऐकतोस?"

चंपा पाय ओढत आत गेली आणि खाडीतली मासळी धुतलेलं बुळबुळीत पाणी घेऊन आली. वाळू लावलेला तुकडा तिने दगडावर ठेवला आणि ते पाणी त्यावर ओतलं.

"मामा काम द्यायच्या आधी स्वतः त्यावर उभे राहायचे," ती म्हणाली. "चपला काढ, पोरी."

तुकडा वीतभरच, एकच पाय मावेल एवढा. अनुपमाने चंपाचा खांदा धरून अनवाणी पाय त्यावर ठेवला. पाणी थंड होतं. खाली वाळू टोचत होती. तिने दुसरा पाय उचलला, जरा वेळाने खांदाही सोडला.

पाय हलला नाही.

"बरं आहे का?" शिवदासने विचारलं.

डोळ्यांतून आता घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात वर न्यायचा तिला धीर होत नव्हता. तोल जाईल असं वाटत होतं.

"एका रेघेचं आणा," ती म्हणाली.