खणात वाजणारा फोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. खिशात मावणारा नव्हे. पिळाच्या वायरीचा, टेबलावर ठाण मांडून बसणारा. एके काळी मी पांढराशुभ्र होतो. आता माझा रंग पातळ चहासारखा झालाय आणि पाचाच्या बटणावरचा आकडा लोकांच्या बोटांनी पुसून नेलाय. लोणावळ्यात चाँदभाईंच्या चिक्कीच्या दुकानात, गल्ल्याशेजारी, मी वेष्टनाच्या कागदांवर बसून असतो. पंख्यानं कागद उडू नयेत, एवढंच माझं आताचं काम.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. सुटे भाग जुळवले, कुणीतरी कानाला लावून पाहिलं आणि खोक्यात घातलं. त्या बालपणाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

खरं आयुष्य सुरू झालं ते याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर, स्वराजसाहेबांच्या ऑफिसात. शाळांची वेळापत्रकं लावून देणारं सॉफ्टवेअर ते विकतात. तुम्हाला वेळापत्रक म्हणजे भिंतीवरचा एक कागद वाटतो. पण एकाच तासाला एकच बाई दोन वर्गांत हव्या झाल्या की काय होतं, ते मुख्याध्यापकांना विचारा. तो गुंता सॉफ्टवेअर सोडवायचं, आणि सॉफ्टवेअर स्वतःच अडलं की शाळा मला फोन करायच्या. जून महिन्यात मला श्वास घ्यायला फुरसत नसायची. फोनला श्वास नसतो, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगतो.

माझ्याशेजारी अफसाना बसायची. शाळाशाळांत जाऊन शिक्षकांना हे सॉफ्टवेअर शिकवायचं आणि उरलेल्या वेळात माझं बोलणं ऐकायचं, हे तिचं काम. चिडून फोन केलेल्या सरांना ती आधी चहा झाला का विचारायची, मग अडचण विचारायची. दसऱ्याला साहेब कॉम्प्युटरना हार घालायचे. उरलेलं झेंडूचं फूल अफसाना माझ्यावर ठेवायची. तेवढ्यानं माझं वर्ष सुखात जायचं.

आमच्या शाळांमध्ये एक शाळा आंदर मावळातली होती. तिकडे एसटी मोजक्याच. संध्याकाळची एसटी शाळेचा शेवटचा तास सुरू असतानाच निघते. ती चुकली, तर डोंगराकडच्या वाड्यांवरच्या मुलांना अंधारातून चालत घर गाठावं लागतं. म्हणून तिथं पूर्वापार शेवटचा तास खेळाचा असायचा. लांबची मुलं एसटीला निघून जायची आणि त्याला कुणी पळून जाणं म्हणत नसे. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून लिहायची गरजच पडली नाही.

सॉफ्टवेअरला मात्र ते माहीत नव्हतं. त्यानं पहिल्याच वर्षी गणित शेवटच्या तासाला टाकलं. अफसाना तिथं शिकवायला गेली होती, तेव्हा नववीतली समीक्षा तिच्याजवळ आली आणि गणितासाठी थांबलं की एसटी चुकते, असं म्हणाली. गणिताच्या धम्मदीप सरांनी नंतर हे फोनवर कौतुकानं सांगितलं, म्हणून मला ठाऊक. अफसानानं तिथल्या तिथं गणित सकाळी घेतलं आणि त्या तासाला कुलूप लावलं, म्हणजे सॉफ्टवेअरला तो हलवता येऊ नये. काम झाल्यावर सरांनी फोन लावून समीक्षाच्या हातात दिला.

"ताई, एसटी गावली," ती म्हणाली. "आता मी धावीला बी गणित सोडनार न्हाई."

"तुझं गणित सकाळीच राहील," अफसाना म्हणाली. "माझा शब्द."

तो शब्द माझ्या वायरीतून गेला. मी आवाज विसरत नाही. दुसरं काही माझ्याकडे नाहीच.

पुढच्या वर्षी साहेबांना मस्कतच्या शाळांचं मोठं काम मिळालं. तिथल्या शाळांसाठी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती केली. तिथं प्रत्येक शाळेच्या स्वतःच्या बस, त्या शाळा सुटेपर्यंत दाराशी उभ्या. त्यामुळे गणित कोणत्याही तासाला पडलं तरी कुणाचं काही अडत नव्हतं. तिथल्या शिक्षकांना शिकवायला अफसाना निघाली. घरातून परदेशी जाणारी ती पहिलीच. निघण्याआधी तिनं साहेबांना बजावलं, की नवी आवृत्ती आली की जुनी कुलपं पुसली जातात, तेव्हा मावळातल्या शाळेचं कुलूप परत हातानं लावा. साहेब हो म्हणाले. धम्मदीप सरांनाही तिनं सांगितलं, की काही अडलं तर याच नंबरवर फोन करा, इथं कुणीतरी असतंच.

ती गेली, नवी आवृत्ती आली, आणि दहावीचं गणित शेवटच्या तासाला जाऊन बसलं.

सरांनी फोन केला. साहेब म्हणाले, नोंद घेतली. सरांनी परत केला. साहेब म्हणाले, रांगेत आहे. तुम्ही म्हणाल, शाळेनं आपलं आपण बदलायचं. पण मुख्याध्यापकांनी तो कागद सही करून संस्थेकडे पाठवला होता. कॉम्प्युटरनं काढलेलं वेळापत्रक हातानं कसं मोडायचं, असं त्यांना वाटायचं. इतकी वर्षं हातानंच करणारी माणसं ती, पण छापील कागदापुढं त्यांचे हात बांधले गेले.

मग सर रोजच फोन करू लागले. मस्कतचं बोलणं चालू असताना माझा आवाज नको, म्हणून साहेबांनी मला टेबलाच्या खणात घातलं. मी खणात वाजत राहिलो. एकदा त्यांनी वैतागून उचललं, तेव्हा सरांचा आवाज बदललेला होता. समीक्षा दोनदा गणितासाठी थांबली आणि एसटी चुकली, असं ते सांगत होते. तिचे वडील अंबाजी शाळेत आले होते. पुन्हा अंधारात आली तर शाळा बंद, असं सांगून गेले. तेव्हापासून ती गणित सोडून एसटीला पळत होती. चाचणीत ती नापास झाली. नापासच व्हायचं तर जायचं कशाला, असं आता घरात चाललं होतं.

"करतो, सर," साहेब म्हणाले. मला पुन्हा खणात ठेवलं.

त्याच आठवड्यात अफसानाचा फोन आला. तिकडे मोबाइलवरून नेटचा कॉल लागेना, म्हणून तिनं माझा नंबर फिरवला होता. तिथल्या गाड्या, तिथली थंडगार वर्गखोली, सगळं भरभरून सांगितलं, आणि मग तिनं विचारलं, "साहेब, मावळातल्या शाळेचं कुलूप लावलंत ना?"

"झालं ते," साहेब म्हणाले. "तू तिकडचं बघ."

मित्रांनो, त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. खरं काय ते मला माहीत होतं. ज्या वायरीतून सरांची विनवणी आली होती, त्याच वायरीतून हे खोटं गेलं, आणि मी तोंड असून मुका.

पुढे सरांचे फोन थांबले. तक्रारी कॉम्प्युटरवर घ्यायच्या ठरल्यावर माझी लाइन तोडली. गरज सरो, वैद्य मरो. चाँदभाई मला खाली घेऊन आले.

एका सकाळी दुकानात नवी मुलगी कामाला आली. चिक्कीचे तुकडे मांडत ती म्हणाली, "भाऊ, हे तुटल्यालं कुटं ठिवू?" मी आवाज ओळखला. समीक्षाच ती. वडिलांनी तिला लोणावळ्यातल्या मावशीकडे धाडलं होतं.

अफसाना मस्कतहून परतली. पुढच्या खेपेला तिकडच्या लोकांना चिक्की न्यायची म्हणून खाली उतरली आणि पाकिटं बांधणाऱ्या मुलीकडे बघत राहिली.

"तू इथं? आणि शाळा?"

"सोडली, ताई. गणित शेवटालाच ऱ्हायलं."

अफसानानं हातातली पाकिटं गल्ल्यावर ठेवली. तशीच वर गेली. जिन्यावरून तिचा चढलेला आवाज ऐकू आला. त्या दिवशी तिनं स्वतः कुलूप लावलं. आता त्या शाळेत गणित सकाळी असतं. खाली येऊन तिनं समीक्षाला बाहेरून परीक्षा देण्याबद्दल विचारलं.

"आबा न्हाई म्हनत्यात," समीक्षा म्हणाली आणि पाकिटांना रबर लावत राहिली. अफसानानं घेतलेली चिक्की तिथंच राहिली. पुढच्या महिन्यात ती पुन्हा मस्कतला गेली. जावं लागतं, नोकरी आहे.

मित्रांनो, मला पुसायला मऊ फडकं घ्या, असं मी सांगणार नाही. वाजणाऱ्या फोनच्या पलीकडे कुणीतरी ताटकळत उभं असतं, एवढं ध्यानात ठेवा. जमणार नसेल, तर तसं तरी सांगा. पण त्याला खणात घालू नका.

काल दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. समीक्षानं माझा रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि बटणं दाबली. सरांच्या शेजारी उभं राहून पाठ झालेला एक नंबर तिनं अचूक फिरवला. आकडा पुसलेलं पाचाचं बटणही तिला बरोबर सापडलं. तो नंबर माझाच होता.

तिनं बराच वेळ ऐकलं, मग रिसीव्हर जागेवर ठेवला आणि पुन्हा चिक्की बांधायला बसली.