आधी दाखला, मग अर्थ

संपादकानं शब्दकोशातल्या दोन शब्दांची कार्डं आजीच्या टेबलावर आपटली.

"'प्रँक' म्हणजे थट्टा. 'होक्स' म्हणजे पण थट्टाच? लोक शब्दकोश विकत घेतात, आजी. थट्टा करून घ्यायला येत नाहीत."

आजी त्याची कुणी नव्हे. शब्दकोशाच्या कचेरीत सगळ्यात आधीपासून प्रुफं तपासणारी बाई, म्हणून सगळ्यांचीच आजी. तिच्या चष्म्यावर बसून एका माशीनं अख्खा 'क' तपासला होता. चूक दिसली की ती पाय घासायची. हे आजी शपथेवर सांगे.

"फरक आहे ना," ती म्हणाली.

"मग सांगा पटकन. पाचला पानं छापखान्यात जायचीत. शेवटचा भाग आहे, प्रस्तावनेसकट."

"आधी दाखला, मग अर्थ. सोमवारी तुझ्या छत्रीत रद्दीचे कपटे कुणी भरले?"

"तुम्ही. दुसरं कोण?"

"फाटकाशी छत्री उघडलीस, कपटे डोक्यावर. चिडलास, वर पाहिलंस, मी खिडकीत दात काढून उभी. मग तूही हसलास. तो प्रँक."

"आणि होक्स?"

"त्यात खिडकीत कुणी नसतं."

त्यानं आपल्या जागेवर येऊन कार्डावर 'फसवणूक' लिहिलं. मग पेन थांबलं.

आधी दाखला, मग अर्थ.

टेबलावरच्या काचेखाली एक पत्र होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, पहिला भाग कुणी विचारेना म्हणून त्यानं राजीनामा लिहिला, त्याच दिवशी टपालानं आलेलं. कुण्या दीपगृहाच्या रखवालदाराचं. 'आधी दाखला देतो, मग अर्थ,' अशी सुरुवात. एकटा माणूस, रोज कोशाचं एक पान वाचतो. शेवटी लिहिलं होतं, 'दुसरा भाग येईपर्यंत दिवा विझु देणार नाही.' त्यानं राजीनामा फाडला होता. आज तेच पत्र प्रस्तावनेत छापायला निघालं होतं.

"आजी, मी त्या रखवालदाराला उत्तर पाठवलं होतं. परत आलं."

"समुद्रावरचं टपाल ते. एखाद्या माशानं आधी वाचून घेतलं असेल."

तिनं मान वर केली नाही. लाल पेन्सिल मात्र बराच वेळ एकाच ओळीवर होती.

त्यानं काचेखालून पत्र काढलं आणि शेजारी प्रस्तावनेचं प्रूफ ओढलं. आजीनं ते तीनदा तपासलं होतं. स्वल्पविरामसुद्धा सुटला नव्हता.

"इथे 'विझु' ऱ्हस्व राहिलाय."

"दिसला मला."

"मग?"

"कोशातली चूक असती तर तुझे कान उपटले असते. ती त्याची चूक आहे. आता काय, दीपगृहात जाऊन शुद्धलेखन शिकवू त्याला?"

एकोणीस वर्षांत आजीनं जाणूनबुजून सोडलेली ही एकच चूक. तो तिच्याकडे बघत राहिला. विचारलं असतं तर तिनं सांगितलंही असतं कदाचित. नाहीतर नवी थाप: नवीन माशी, नवीन मासा.

त्यानं विचारलं नाही. पत्र पुन्हा काचेखाली सरकवलं. प्रस्तावनेवर सही केली, ऱ्हस्व तसाच ठेवून. कार्डावरचं 'फसवणूक' खोडलं आणि लिहिलं: 'थाप; मारणारा शेवटपर्यंत पुढे येत नाही अशी.'

"मीच नेतो पानं," तो म्हणाला.

"छत्री झटकून घे."

फाटकाशी त्यानं छत्री उघडली. काही पडलं नाही. त्यानं वळून वर पाहिलं.

खिडकीत कुणी नव्हतं.