सहा मोजेपर्यंत

समोर उभं राहून हात हलवणाऱ्याला गावं लागत नाही. एवढ्या एकाच कारणासाठी आम्ही मिनोरीला वर्गाच्या समूहगानाची संचालिका निवडलं.

आमच्या शाळेत दर नोव्हेंबरला वर्गावर्गांत समूहगानाची चुरस लागते. पियानो वर्गातल्याच कोणीतरी वाजवायचा, गाणंही वर्गातल्याच कोणीतरी चालवायचं. मिनोरी जीव तोडून गायची आणि तिचा सूर कधीच जागेवर नसायचा. आदल्या वर्षी तिचा वर्ग शेवटून दुसरा आला, तो तिच्याच पायी, असं सगळे म्हणत. यंदा आमचं शाळेतलं शेवटचं वर्ष. वर्गप्रमुख कुदोने तिचं नाव सुचवलं आणि पस्तीस हात एकदम वर गेले. मिनोरी लाजून लाल झाली. आपण लोकांना आवडतो, असं तिला जन्मात पहिल्यांदाच वाटलं असावं. तिच्यासमोर कोणी हसलं नाही. शाळा सुटताना दाराशी बूट बदलायच्या जागी आम्ही पोटभर हसून घेतलं.

पियानो माझ्याकडे होता, म्हणून संगीताच्या ओरिहारा बाईंनी तिला शिकवायचं लचांड माझ्याच गळ्यात मारलं. रोज सकाळी, शाळा भरायच्या आधी अर्धा तास. खाली, आत, बाहेर, वर. चार ठोके, बस. तेही तिला तीन दिवस जमेनात. हात खाली आला की गुडघेही वाकायचे. "माश्या हाकलतेस का गं?" असं मी रोज विचारायचे आणि ती रोज माफी मागायची. पहिल्या ठोक्याआधी हात उचलायचा, त्या उचलण्यातच गाणाऱ्यांचा श्वास असतो, हेही मीच तिला शिकवलं.

फक्त एक सांगितलं नाही. तिच्या हाताकडे कोणी बघणारच नव्हतं. कुदोने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं: नजर मिनोरीच्या कपाळावर, कान शिहोच्या पियानोकडे. शिहो म्हणजे मी.

पण पोरगी चिवट निघाली. बसच्या काचेत स्वतःला बघत ती हात करायची, लोक बघताहेत याची शुद्ध नसायची. ऑक्टोबर संपता संपता तिचा हात असा उचलला जायला लागला, की ठरलेलं विसरून मुलं तिच्याबरोबर श्वास घ्यायला लागली. एक दिवस ओरिहारा बाई सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "शिहो, एकदा तिच्या हाताकडे बघून वाजव. तुझं वाजवणं सुधारेल."

मी नऊ वर्षं पियानो शिकत होते. आणि जिला चार ठोके तीन दिवस जमले नाहीत, तिच्याकडे बघून मी सुधारायचं. ते मला शेवटपर्यंत पचलं नाही.

आमचं गाणं एका नदीचं होतं, आणि त्यात शेवटच्या ओळींआधी एक सूर लांबवायचा होता. चार मोजायचे आणि सोडायचा, असं ठरलेलं. तिथे नदी समुद्राला मिळते, तिला जरा जागा देऊ या, सहा मोजू या, असं मिनोरीने भीत भीत सुचवलं. बाईंना ते पटलं. सरावात सहा मोजले, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

स्पर्धेच्या सकाळी उंच सुरातल्या दोघी तापाने घरी राहिल्या. उरलेल्यांना सहापर्यंत दम पुरेना. मिनोरी तेव्हा सगळ्या वर्गांच्या संचालकांच्या बैठकीला गेली होती. कुदो म्हणाला, "चारवरच सोडू. शिहो, तू मान हलव, आम्ही थांबतो. आणि मिनोरीला तेवढं सांग."

"सांगते," मी म्हटलं.

पडद्यामागे ती माझ्या शेजारीच उभी होती. तिने माझं मनगट धरलं.

"शिहो, सहाच ना?"

"सहाच," मी म्हटलं.

तो सूर आला तेव्हा मिनोरीने दोन्ही हात पसरले आणि डोळे मिटले. चारवर मी मान हलवली. सगळी तोंडं एकदम मिटली आणि मी पुढची ओळ सुरू केली. तिचे हात तसेच हवेत. तिने डोळे उघडले, तोवर आम्ही पुढे निघून गेलो होतो. ती घाईघाईने आमच्या मागून हात मारत आली, आणि तिचे गुडघे पुन्हा वाकायला लागले. प्रेक्षकांत कोणीतरी फिसकन हसलं.

आम्हाला सुवर्णपदक मिळालं. वर्गाची एकजूट वाखाणण्यासारखी, असं परीक्षकांनी लिहिलं. संचालिकेने गाणाऱ्यांकडे लक्ष द्यायला शिकावं, असंही लिहिलं.

वर्गात परतल्यावर मिनोरी फळ्यासमोर गेली आणि कमरेत वाकली. माझं चुकलं, तुम्ही सगळ्यांनी सांभाळून घेतलंत, असं म्हणाली. कुदोने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं. मग त्याने पदक वर धरलं आणि टाळ्या सुरू केल्या. मीही वाजवल्या.

घरी निघताना तिने मला जिन्यात गाठलं. डोळे सुजलेले.

"तू सहा सांगितले होतेस. मी घाबरून आठ मोजले का गं?"

खरं सांगायला एवढा एक जिना होता.

"आठ," मी म्हटलं. "मी मोजत होते."

तिने मान हलवली आणि पुन्हा एकदा माझी माफी मागितली.